पास वसूल

स्वित्झर्लंडला जायला पासपोर्ट लागतो, व्हिसा लागतो. आमच्या घरी त्याआधी एक दोनशे पानी वही लागते. पाच दिवसांचा दौरा ठरला आणि मी ती उघडून बसलो. तिथल्या रेल्वेचा पाहुण्यांसाठीचा सलग दिवसांचा पास मिळतो ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा. पाचाचा नाहीच! चाराचा घ्यावा तर एक दिवस उघड्यावर, सहाचा घ्यावा तर एक दिवस स्विस लोकांना दान. शिवाय एक कार्ड असं, की ते घेतलं म्हणजे महिनाभर बहुतेक तिकिटं निम्म्या दरात. सलग पासावर रिगीचा डोंगर फुकट, सरोवरातल्या बोटी फुकट, युंगफ्राऊला मात्र नुसती सवलत. तीन रात्री मी भागाकार करीत होतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढी काय घाई? पण मी पडलो जुना पासधारक. बडनेरा ते अकोला हे सुमारे ८० किलोमीटर मी बावीस वर्षं अप-डाऊन केलं. अमरावतीहून बडनेऱ्यापर्यंत स्कूटर, पुढे गाडी. मूर्तिजापूर येईपर्यंत ब्रीफकेसवर पत्त्यांचे दोन डाव व्हायचे. महिन्याचा पास ढोबळमानाने पंधरा एकेरी तिकिटांच्या पैशांत मिळे, म्हणजे आठव्या दिवशी संध्याकाळपासून प्रवास फुकट! त्रैमासिक घेतला तर तीन महिन्यांचे पैसे २.७ पटच. पण मध्ये लग्नसराई आली, रजा पडली, की हा ०.३ चा नफा मांडवातच विरायचा. म्हणून मी नातेवाइकांच्या लग्नाच्या तारखा पास पाहून ठरवा म्हणायचो. कोणी ऐकलं नाही.

तेव्हा पासाविरुद्ध माझं काही भांडण आहे असं समजू नका. नोकरदाराचा पास म्हणजे त्याची भाकर. २०१४ च्या जूनमध्ये रेल्वेनं मासिक पास तीस एकेरी प्रवासांच्या हिशेबानं आकारायचं जाहीर केलं आणि आरडाओरड झाल्यावर आठवड्याच्या आत मागे घेतलं, तेव्हा ओरडणाऱ्यांत माझाही आवाज होता. माझं भांडण आहे ते वसूलवाद्यांशी, म्हणजे मुख्यतः माझ्याशीच.

वसूलवादी म्हणतो, जितके किलोमीटर जास्त तितका पास स्वस्त. वा! मग भोजनाच्या थाळीत पोट फुटेस्तोवर जेवणारा सगळ्यांत काटकसरी म्हणायचा. प्रवास ही काय तूर आहे, क्विंटलनं मोजायला? शिवाय वसूलवाद्याच्या वहीत पासाची किंमत असते, पास काय काय खातो ते नसतं. अकोल्याच्या घरभाड्यापेक्षा पास स्वस्त, म्हणून मी बिऱ्हाड हलवलं नाही. हिशेब चोख होता. सकाळी पोरगी उठायच्या आत निघायचो, रात्री ती झोपल्यावर यायचो. शाळेत बाईंनी विचारलं, "बाबा कुठे राहतात?" ती म्हणाली, "अकोल्याला. आमच्याकडे झोपायला येतात." आम्ही सगळे खूप हसलो. मी जरा कमी हसलो. ती रक्कम कोणत्या रकान्यात टाकायची हे मला अजून कळलेलं नाही.

एवढं होऊनही शहाणपण आलं म्हणता? छे! सहा दिवसांचा पास घेतला आणि पाच दिवसांत सहा वसूल करायला निघालो. झुरिक, बर्न, इंटरलाकेन. उतरलो की फलाट, चढलो की खिडकी. आरक्षणाची गरज नाही, धक्काबुक्की नाही, त्यामुळे तर मला ऊतच आला. चौथ्या दिवशी लुझर्नला सरोवराकाठी सौ. बाकावर बसली ती बसलीच.

"चला, पुढची गाडी चुकेल. पास वाया जाईल!"

"जाऊ द्या," ती म्हणाली. "अवो, बावीस वर्षं अप-डाऊन केलं, अन् इथं येऊनही तेच करू राहिले? मले कोणत्या दिवशी वसूल कराल?"

यावर वहीत उत्तर नव्हतं. तेव्हा मी आता सांगतो ते ऐका. आधी कुठे बसायचं ते ठरवा, मग पास. रोज गाव बदलायचं असेल तर सलग पास घ्या. दोनच ठिकाणी निवांत राहायचं असेल तर निम्म्या दराचं कार्ड बरं पडतं का ते पाहा. आणि घेतल्यावर हिशेबाची वही घरीच ठेवा. गाडी आपली नसून आपण गाडीचे झालो, की सगळ्यांत स्वस्त पासही महागात पडतो.

मी बाकावर बसलो. गाडी अगदी वेळेवर गेली असणार. मी घड्याळ पाहिलं नाही.

बाकाला पास लागत नव्हता, हे मात्र मी लगेच हेरलं.