पासआउट झाले, पण सर्व्हरवर राहिले!

होस्टेल सोडताना 'नो ड्यूज'चा फॉर्म भरावाच लागतो. लायब्ररीची सही, मेसची सही, रेक्टर सरांची सही. खुर्ची-गादीचासुद्धा हिशोब होतो! पण कॉलेजच्या वेब सर्व्हरवरच्या अकाउंटचं काय? त्याची सही कुणीच मागत नाही. शिरूरचा सीनियर रांजणगाव एमआयडीसीत लागतो, दौंडचा कुरकुंभला. सर्व्हरवर मात्र दोघंही आपापल्या 'जेल'मध्येच!

जेल म्हणजे काय? प्रोजेक्टची साइट चालवायला युझरला शेल तर द्यायचा, पण पूर्ण सर्व्हर दाखवायचा नाही. त्यासाठी चेंज-रूट ही युनिक्समधली १९७९ पासूनची सोय वापरतात. जेलकिटसारखं टूल युझरच्या कोंडलेल्या जागेत बॅश आणि लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या कॉपीज टाकून देतं.

गोम इथेच आहे. सर्व्हर अपडेट केला की मूळ बॅश नवा होतो, जेलमधली कॉपी जुनीच राहते. सप्टेंबर २०१४ मध्ये बॅशमधला 'शेलशॉक' दोष उघड झाला, जगभर धावपळ करून पॅच मारले गेले. पण विसरलेल्या जेलमधल्या बॅशला कोण विचारतो? त्यात जुना पासवर्ड चालू असेल तर बघायलाच नको.

'मग डिलीट मारा की!' असं म्हणणाऱ्यांनाही माझा विरोध आहे. घाईचं हे काम नाही. नुसता पासवर्ड लॉक केला तरी एसएसएच की वापरून आत येता येतं. म्हणून आधी अकाउंट एक्सपायर करा, की काढा, चालू प्रोसेस आणि क्रॉन बंद करा. मग बॅकअप. मग माउंट तपासा. जेलमध्ये एखादं खरं फोल्डर बाइंड-माउंट केलेलं असलं आणि आपण बिनधास्त आरएम-आरएफ मारलं, तर सुक्याबरोबर ओलंही जळतं! आणि नुसतं युझरडेल दिलं, तर अकाउंट जातं पण फोल्डर तिथेच पडून राहतं.

सगळा भार एकट्या लॅब असिस्टंटवर टाकणंही बरोबर नाही. माझं म्हणणं साधं आहे. अकाउंट उघडतानाच एक्सपायरी डेट टाका, आणि 'नो ड्यूज'वर एक ओळ वाढवा : 'सर्व्हर अकाउंट बंद, प्रोजेक्टची कॉपी मिळाली.' खाली विद्यार्थ्याची आणि लॅबची सही.

नाहीतर उद्या त्या अकाउंटवरून कुणी गैरप्रकार केला, तर लॉगमध्ये नाव येणार त्या सीनियरचं, जो त्या वेळी कुरकुंभला नाइट शिफ्ट करत असेल. त्याने कुणाकडे जाऊन सांगायचं, की 'तो मी नव्हतो' म्हणून?