काविळीची माळ आणि शरीराचे पहारेकरी

१९५६ च्या धम्मदीक्षेने आपण देवदेवस्की सोडली, पण काविळीची माळ काही सुटली नाही. घरात कुणाचे डोळे पिवळे झाले की आजही माळ घालणाऱ्याचा पत्ता शोधला जातो. कुणी चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ ‘उतरवतो’, कुणी दंडावर डाग देतो. रोगी महिना-दोन महिन्यांत बरा होतो आणि नाव होते उतरवणाऱ्याचे. म्हणून आज आम्ही ‘हिपॅटायटिस बी’ या काविळीविषयी लिहीत आहोत.

हिचा विषाणू रक्तातून, दूषित सुईतून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला लागतो. तो यकृतात राहतो, पण यकृताच्या पेशी सहसा तो स्वतः मारत नाही. त्या मारतात आपल्याच रक्तातील पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराचे पहारेकरी. विषाणू ज्या पेशीत लपला, ती पेशीच ते नष्ट करतात. या पहारेकऱ्यांना आवर घालणाऱ्या पेशीही शरीरातच असतात. मारणे आणि आवरणे यांचा तोल राहिला की निरोगी मोठ्या माणसांत शंभरातले ९५ जण आपोआप बरे होतात. माळेचे गुपित ते एवढेच!

मात्र शंभरात एखाद्याचे पहारेकरी बेफाम होतात. चोर पकडताना घरच पेटवून द्यावे, तसे यकृत काही दिवसांत निकामी होते. माणूस बरळतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो, हिरड्यांतून रक्त येते. अशा वेळी माळेची वाट पाहण्यात घालवलेला दिवस जिवावर बेततो. रोग्याला तात्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे.

तान्ह्या बाळाचे याच्या उलट. त्याचे पहारेकरी विषाणूशी नीट लढतच नाहीत. बाळ हसते-खेळते, पण जन्मताना लागण झालेल्या शंभर बाळांपैकी ९० जणांत विषाणू कायमचा मुक्काम करतो. पुढे ऐन कर्त्या वयात त्यांपैकी काहींचे यकृत आक्रसते किंवा तिथे कर्करोग होतो. अशा माणसाने डॉक्टरांना न विचारता स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या, तर पहारा ढिला पडून दबलेला विषाणू पुन्हा उसळू शकतो.

यावर उपाय आहे. १९६५ मध्ये बारूक ब्लूमबर्ग यांनी या विषाणूचा माग काढला, पुढे लस निघाली. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. पहिला डोस जन्मापासून २४ तासांच्या आत हवा. भगिनींनो, गरोदरपणात रक्ताची ही तपासणी मागून घ्या. २०१८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमापासून तपासणी आणि औषधेही सरकारतर्फे मोफत आहेत.

परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. काविळीच्या माळेलाही तोच न्याय लावू या.

जयभीम!