कोथिंबीर कुठे, फणस कुठे

बिल मॉलिसन टास्मानियातल्या होबार्टला शिकवू लागले त्याआधी मासेमारी आणि जंगलातली कामे करून बसले होते. डेव्हिड होल्मग्रेन हा त्याच शहरातला तरुण विद्यार्थी. दोघांच्या चर्चांतून १९७८ साली ‘पर्माकल्चर वन’ हे पुस्तक निघाले. काय लावायचे याइतकाच ‘कुठे लावायचे’ हा प्रश्न मोठा, हे पर्माकल्चरचे, म्हणजे निसर्गाच्या रीतीने घर-शेत आखण्याच्या विचाराचे मर्म. जिच्याकडे रोज हात जातो ती कोथिंबीर आणि कोंबड्यांचे खुराडे दाराशी. वर्षातून एकाच हंगामात ज्याची आठवण येते तो फणस लांब. सर्वांत बाहेरचा पट्टा रानाचा, तिथे माणसाने पाहुणा म्हणून जायचे.

कोकणातला वाचक हे वाचून हसेल. मोरीचे पाणी अळू-केळीला, पोफळीवर मिऱ्याचा वेल, सावलीत जायफळ, हे वाडीत कुणी वर्गात बसून शिकले नाही. पण ‘आपल्याकडे होतेच की सगळे’ म्हणत पान उलटणे हा आळस झाला. वाडीतली जाण वाडीपुरती राहते; पाटाचे पाणी फिरवणारा मुंबईला गेला की तीही जाते. मॉलिसन आणि होल्मग्रेन यांनी तशी जाण कुठेही शिकवता येईल अशी मांडली, हे त्यांचे श्रेय.

उतारावरचे पाणी अडवण्याचेच बघा. तीन काठ्या इंग्रजी ‘ए’सारख्या बांधायच्या, शेंड्यावरून दोरीला दगड टांगायचा आणि आडव्या काठीच्या मध्यावर खूण करायची. दोरी खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे खुंटी ठोकायची, एक पाय तसाच ठेवून दुसरा पुढे फिरवायचा. खुंट्या जोडत गेले की समतल रेघ मिळते. रेघेवर चर खणायचा, माती खालच्या अंगाला टाकायची.

असे चर महाराष्ट्राला नवे नाहीत. २०१६ ते २०१९ या काळात जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेसाठी गावेच्या गावे भर उन्हात श्रमदानाला उतरली होती. पर्माकल्चरवाला मात्र चर खणून घरी जात नाही. भरावावर झाडे हवीतच; नाहीतर माती खचते आणि चर गाळाने बुजतो.

पाणी अडले तरी घर चालायचे कसे, हा प्रश्न उरतोच. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर मूळचे गणिताचे प्राध्यापक. दहा गुंठ्यांत पाच माणसांचे घर कसे चालेल, याचा हिशेब त्यांनी ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्यांसमोर मांडला. आज पर्माकल्चरचा ७२ तासांचा अभ्यासक्रम बहुधा शहरी, सुस्थितीतल्या मंडळींनाच परवडतो, तेव्हा तो हिशेब फार आठवतो. दोन एकर कोरडवाहू असलेल्याने आंबा-चिंचेला फळ धरेपर्यंत खायचे काय? चरांमधल्या पट्ट्यात तूर, मटकी, बांधाला शेवगा. शेवग्याच्या सुधारित वाणाला सहा-आठ महिन्यांत शेंगा लागतात, आणि त्या आठवडी बाजारात रोख पैशाने विकल्या जातात.