वाटाण्यानंतर चिलट शिकवूया

"आमच्या घराण्यातच गणित नाही हो सर, जीन्सच तसे!" पालकसभेत हे वाक्य हमखास ऐकू येतं. दोष पालकांचा नाही. आपणच मेंडेलचा वाटाणा शिकवतो, 'एक जनुक, एक गुण' असं फळ्यावर लिहितो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. माझं मत असं, की वाटाण्यानंतर लगेच चिलट शिकवावं.

पिकल्या केळ्यावर घोंघावतं ते हे चिलट, ड्रोसोफिला. (आंब्यात अळ्या पाडणारी फळमाशी वेगळी.) त्याचं अंडं जेमतेम अर्धा मिलिमीटर. आई अंडं घडवतानाच त्याच्या एका टोकाला बायकॉइड जनुकाचा संदेश ठेवून देते. पुढे त्यापासून प्रथिन बनतं. डोक्याकडे दाट, शेपटीकडे विरळ. सुरुवातीला पेशींमध्ये पडदे नसतात, म्हणून ते सहज पसरतं. जिथे दाट तिथे एक जनुक जागं होतं, जिथे विरळ तिथे दुसरं. आधी मोठे पट्टे, मग सात बारीक, मग चौदा. काही तासांतच अळीच्या खंडांचा आराखडा तयार!

जर्मनीत हायडेलबर्गला ख्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी बिघडलेल्या अळ्या तपासून खंडांची संख्या किंवा घडण बदलणारी १५ जनुकं १९८० साली मांडली. १९९५ चं नोबेल त्यांना एडवर्ड लुईस यांच्यासोबत मिळालं. खंडांच्या अशाच आणखी एका जनुकाचं नाव फुशी तराझू, जपानीत 'खंड कमी पडले'. ते बिघडलं की एकाआड एक खंड गायब. मुलं हे नाव विसरत नाहीत.

पण मला सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच वाटते. आईच्या बायकॉइडच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील, तर पिल्लाला वडिलांकडून चांगली प्रत मिळूनही डोकं आणि छाती तयार होत नाही. जनुक आहे, पण हव्या वेळी हव्या जागी संदेश नव्हता!

यावरून गणिताबद्दल काहीच सिद्ध होत नाही, हेही मुलांना सांगावं. पण 'जनुक आहे' आणि 'गुण दिसतो' यांच्यामध्ये किती काय घडावं लागतं, ते त्यांना कळतं.

याला प्रयोगशाळा लागत नाही. टीपकागदाच्या पट्टीच्या एका टोकाला शाईचा थेंब टाका, गडद आणि फिकट भाग आखून घ्या आणि विचारा: थेंब मधोमध पडला असता तर? संशोधकांनी बायकॉइड नसलेल्या अंड्यात तो संदेश खरंच मधोमध टोचून पाहिलाय. डोक्याचे भाग मधोमधच तयार होऊ लागले.