झेरॉक्स ही चोरी काय?

विद्यार्थी मित्रांनो, पुस्तक विकत घेतले की ते आपले झाले, असे तुम्ही म्हणाल. कागद आपला झाला, हे खरे. मजकुरावरचा हक्क मात्र लेखकाचा किंवा प्रकाशकाचाच राहतो. या हक्काला प्रताधिकार म्हणतात. मग महागड्या पुस्तकातील एखादे प्रकरण झेरॉक्स करून अभ्यासणे ही चोरी काय?

हा प्रश्न न्यायालयातही गेला होता. २०१२ साली तीन प्रकाशनसंस्थांनी दिल्ली विद्यापीठावर व त्याच्या आवारातील एका झेरॉक्सच्या दुकानावर दावा लावला. अभ्यासक्रमाला लागणाऱ्या निवडक प्रकरणांच्या प्रती त्या दुकानात एकत्र बांधून मिळत. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने १९५७ च्या कायद्यातील कलम ५२ चा आधार घेतला. शिकवण्या-शिकण्याच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने काढलेली, त्या कामापुरती प्रत म्हणजे प्रताधिकाराचा भंग नव्हे, असा त्याचा आशय. २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

मला हे योग्य वाटते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संदर्भग्रंथाची प्रत बहुधा एकच असते आणि वर्गात मुले साठ. प्रत काढूच द्यायची नाही, तर उरलेल्या एकोणसाठांनी काय करावे?

परंतु सवलत म्हणजे मोकळे रान नव्हे. सबंध पुस्तके छापून विकू लागलो, तर नवीन पुस्तक लिहील कोण? म्हणून गरजेपुरतेच घ्यावे आणि वहीत उतरवताना लेखकाचे नाव आधी लिहावे. आम्हा शिक्षकांनीही आपल्या टिपणांत हा नियम पाळला पाहिजे.