शरीराचाच लगाम

ताप आला की घरातील माणसे घाबरी होतात. वस्तुतः ताप हा पुष्कळदा शत्रू नसून शरीराने आरंभलेल्या प्रतिकाराची खूण असतो. रोगजंतू आत शिरताच रक्तातील पांढऱ्या पेशी काही प्रथिने सोडतात. त्यांपैकी एक इंटरल्यूकिन-१. गावावर संकट आले की दवंडी पिटावी, तसे याचे काम. पेशींच्या पृष्ठभागावर जणू कुलपे असतात. त्यांत ही किल्ली फिरली की ताप चढतो, सूज येते, आणखी पेशी लढाईस धावतात. साध्या फोडापासून न्यूमोनियापर्यंत असे प्रतिकार आपल्याला तारतात.

परंतु अति तेथे माती. हा प्रतिकार बेताल झाला तर अंगभर रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतून द्रव झिरपू लागतो, रक्तदाब कोसळतो आणि मूत्रपिंडे, फुप्फुसे निकामी होऊ लागतात. यालाच सेप्टिक शॉक म्हणतात. येथे जंतूंइतकाच स्वतःच्या प्रतिकाराचा अतिरेकही घात करतो.

निसर्गाने मात्र लगामही दिलेला आहे. शरीर आणखी एक प्रथिन तयार करते. ते त्याच कुलपात जाऊन बसते, पण फिरत नाही; त्यामुळे खऱ्या किल्लीला जागा उरत नाही. हा लगाम बाहेरून, भरपूर प्रमाणात पुरवला तर? 1990 साली सशांवर प्रयोग झाले. जिवाणूंच्या विषाने येणाऱ्या शॉकमध्ये या प्रथिनामुळे मृत्यू कमी झाले. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या सिनर्जेन या कंपनीने ई. कोलाय जिवाणूंकडून हे प्रथिन तयार करवून घेतले. ज्या जातीचे जंतू अनेकदा हा आजार घडवतात, त्यांच्याच हातून त्यावरचा उतारा!

पहिल्या चाचणीत 99 रुग्ण होते. हे औषध न मिळालेल्यांपैकी 44 टक्के दगावले. सर्वांत मोठी मात्रा मिळालेल्यांपैकी केवळ 16 टक्के. अशा आकड्यांनी कोणाला हर्ष होणार नाही? पण रुग्ण थोडे होते आणि कोणाला काय दिले जात आहे हे डॉक्टरांना ठाऊक होते. म्हणून मोठी चाचणी झाली. तिचा निष्कर्ष 1994 साली प्रसिद्ध झाला. 893 रुग्णांत औषधाविना 34 टक्के मृत्यू, तर दोन मात्रांच्या गटांत 31 व 29 टक्के. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. पुढच्या चाचणीत 696 रुग्णांचा हिशेब मांडला, 36.4 आणि 33.1 टक्के. पुन्हा तेच. ती चाचणी मध्येच थांबवण्यात आली.

मग हे सारे श्रम वाया गेले काय? नाही. अनाकिन्रा या नावाने हेच प्रथिन 2001 साली अमेरिकेत आमवाताच्या एका प्रकारावर, संधिवाताभ संधिशोथावर, मान्य झाले. 2016 साली शास्त्रज्ञांनी जुन्या चाचणीची कागदपत्रे पुन्हा चाळली. ज्या थोड्या रुग्णांत यकृताचा बिघाड व रक्त गोठण्याचा दोष एकत्र होते, त्यांच्यात औषधाने जगणारे सुमारे 65 टक्के, तर औषधाविना 35 टक्के आढळले. असे रुग्ण होते अवघे 43. तेव्हा ही आशा आहे, पुरावा नव्हे. पण एकाच नावाच्या आजारात रुग्ण निरनिराळ्या प्रकारचे असतात, हे त्यातून उमगले.

वाचकहो, हे सविस्तर सांगण्याचे कारण आहे. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातलगांपुढे कधी एखाद्या चाचणीचा संमतिपत्र येतो. “आमच्या माणसावर प्रयोग?” असे मनात येते, किंवा उलट, “नवे औषध आहे ना, मग तेच द्या,” असा हट्ट होतो. वरील हकिगत दोन्हींना उत्तर आहे. नवे ते गुणकारीच असते असे नाही, आणि ते कळण्यास न्याय्य तुलनेवाचून मार्ग नाही. कोणाला कोणता गट मिळेल हे नाणेफेकीसारखे ठरते. प्रतिजैविके, सलाईन, प्राणवायू हे नित्याचे उपचार मात्र दोन्ही गटांना मिळायलाच हवेत. तेवढे आधी विचारून घ्या. कागद इंग्रजीत, गुजरातीत वा कन्नडमध्ये असेल आणि उमगत नसेल, तर आपल्या भाषेत समजावून मागा. नकार देण्याचा हक्क आपला आहे. नकारामुळे उपचारांत उणे येता कामा नये.

आणि घरी एवढे ध्यानात ठेवा. हुडहुडी भरून ताप, भराभर चालणारा श्वास, बरळणे किंवा गुंगी, गार पडलेले हातपाय, लघवी कमी होणे, ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नये. वृद्धांना तर कधी ताप येतही नाही. सेप्टिक शॉकला जादूचे औषध आजही नाही. वेळेवर मिळालेली प्रतिजैविके आणि सलाईन यांनीच आजवर माणसे वाचली आहेत. तो वेळ साधणे मात्र घरच्यांच्या हाती असते.