पीयूसी देताना गाडीखालीही वाकून बघा

इस्लापूर, हिमायतनगर, किनवट या पट्ट्यात गाडी जुनी झाली म्हणून कोणी लगेच भंगारात काढत नाही. त्यात गैर काहीच नाही. पण गाडी जितकी जुनी, तितकी तिच्या धुराची वाट कुजलेली असण्याची शक्यता जास्त. पीयूसीच्या वेळी मात्र नळीच्या टोकात यंत्राची नळी घालतात, आकडे येतात आणि कागद हातात पडतो. इंजिनापासून त्या टोकापर्यंतची वाट शाबूत आहे का, हे प्रत्यक्षात सहसा पाहिले जात नाही. ते पाहणे सक्तीचे झाले पाहिजे.

या वाटेवरच्या प्रत्येक भागाचे काम वेगळे आहे. मेनिफोल्ड सगळ्या सिलिंडरांचा धूर एका नळीत आणतो. पुढे कन्व्हर्टर असतो. त्याच्या आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी बहुधा चिनी मातीची असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर असतो. साधारण ३०० अंश तापली की ती विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना ती १९९५ मध्ये सक्तीची झाली. त्यापुढचा सायलेन्सर आवाज जिरवतो आणि शेवटची नळी धूर बसणाऱ्यांपासून दूर सोडते. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत मोजतात ते मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले इंधन, तेही गाडी उभी असताना. नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात मोजले जात नाहीत, आवाजही नाही.

खरी गोम पुढेच आहे. मधला जोड फुटला असेल, तर थोडा धूर तिथूनच निसटतो आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. टोकाशी पोहोचणारा धूर त्यामुळे पातळ होतो आणि आकडा उलट चांगला दिसू शकतो. म्हणजे जी गाडी बसणाऱ्यांना जास्त धोक्याची, तीच कागदावर निर्दोष ठरू शकते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. काचा लावलेल्या भरगच्च व्हॅनमध्ये तो शिरला, तर कोणाला कळणारही नाही. वाकून पाहिले तर मात्र खुणा दिसतात: जोडाभोवती काजळीचा काळा पट्टा, सकाळी गार इंजिनाची फट्फट्, तारेने बांधलेला सायलेन्सर. सायलेन्सर कुजण्याचे कारणही साधे आहे: एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होते. जवळच्या फेऱ्यांत नळी पुरती तापत नाही, ते पाणी सायलेन्सरमध्येच साचते आणि पत्रा आतून गंजतो.

यावर कोणी म्हणेल, खर्च गरिबाच्याच माथी येईल. पण वेळेवर केलेले वेल्डिंग किंवा बदललेले गॅस्केट हे कन्व्हर्टरच्या किमतीपुढे किरकोळ आहे. जाळी फोडली की पिकअप वाढतो, असेही सांगतात. तुंबलेली जाळी काढल्यावर गाडी मोकळी वाटते हे खरे. पण ती तुंबली बहुधा मिसफायरमुळे किंवा इंजिन ऑइल खात असल्यामुळे. तो दोष तसाच राहतो आणि विष थेट बाहेर येते. गावाकडे हवा मोकळी आहे, हा तिसरा युक्तिवाद. शिवार मोकळे असेल, गाडीची केबिन मोकळी नसते.

कायदा नवा लागत नाही. हवा आणि आवाजाचे निकष मोडणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पीयूसीच्या कागदावर फक्त एक ओळ वाढवा: जोड, जाळी, सायलेन्सर पाहिले. एक टॉर्च आणि दोन मिनिटे, एवढ्यात ती भरता येईल.